आतलं कार्ड की बाहेरचा डबा? जुन्या संगणकाच्या डायल-अपसाठी

माळ्यावरून एक जुना संगणक खाली आलेला असतो, किंवा कुणीतरी देऊन टाकलेला असतो. त्यात मॉडेमचं, म्हणजे फोनच्या तारेवरून इंटरनेटला जोडणारं, कार्ड आधीच बसवलेलं असतं. पण जोडणी होत नाही, आणि झाली तर टिकत नाही. आता या कार्डाच्या मागे लागायचं, की ते काढून सीरियल पोर्टला (संगणकाच्या पाठीवरच्या जुन्या खोबणीला) लावायचा बाहेरचा मॉडेम शोधायचा?

मी दोन्ही केलंय. आधी दीडेक वर्ष कार्डाच्या मागे लागलो, मग बरीच वर्षं बाहेरच्या मॉडेमबरोबर काढली. माझा कल कुठे आहे ते लपणार नाही, पण कार्डाची बाजू अगदीच लंगडी नाही, म्हणून तीही मांडतो.

डायल-अप अजून लागतं कुणाला, हा वाद इथे नको. अमेरिकेतल्या एओएल कंपनीने आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ ला बंद केली, म्हणजे तोवर कुणीतरी वापरत होतंच. कुणाला फॅक्स पाठवायचा असतो, कुणाला लांबच्या यंत्राला फोन लावून त्याचे आकडे घ्यायचे असतात, आणि कुणी विंडोज ९८ चं मशीन होतं तसंच चालवायचं म्हणून हट्टाला पेटलेला असतो. मी या तिसऱ्या गटातला.

एक खुलासा आधीच करतो. ‘आतलं कार्ड’ म्हणताना माझ्या डोळ्यासमोर पीसीआय स्लॉटमधला सॉफ्टमॉडेम (बरंचसं काम संगणकाच्या प्रोसेसरवर ढकलणारा) आहे, ज्याला सगळे सरसकट विनमॉडेम म्हणतात. आयसा या त्याहून जुन्या स्लॉटमधली, जंपर (पिनांवर बसवायच्या छोट्या टोप्या) असलेली जुनी कार्डं ही वेगळी जात. त्यांच्याबद्दल पुढे.

वेगावरून निकाल लागत नाही

बहुतेक जण पहिला प्रश्न वेगाचा विचारतात आणि तिथेच चुकतात. दोन्ही प्रकार व्ही.९० (५६ के मॉडेमचं मानक) पाळत असतील तर कमाल मर्यादा दोघांनाही एकच: खाली उतरवताना ५६ के (सेकंदाला ५६,००० बिट), वर पाठवताना ३३.६ के. ही मर्यादा मॉडेमची नसून टेलिफोन एक्स्चेंजची आहे. एक्स्चेंज आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतं, प्रत्येक नमुन्यातले ७ बिट भरवशाचे धरले की ५६००० होतात. आणि एवढा वेग मिळायचा तर पलीकडचं टोक थेट डिजिटल लाइनवर असावं लागतं. घरातले दोन साधे मॉडेम एकमेकांना फोन लावतात तेव्हा ३३६०० च्या वर जाणारच नाहीत. त्या दोघांपैकी एखादा तुम्ही ‘दुरुस्त’ करत बसला असाल तर हात थांबवा. बिघाड काहीच नाही.

माझ्याकडे तर कार्डच थोडं पुढे होतं. एकाच लाइनवर, एकाच नंबरवर कार्ड ४८००० ला लागायचं आणि बाहेरचा मॉडेम ४५३३३ ला. शास्त्रशुद्ध मोजमाप नव्हे हे, पण महिनाभर दोन्ही आलटून पालटून लावून पाहिले तेव्हा हाच फरक परत परत दिसला. प्रत्यक्षात त्याचा उपयोग किती? साडेचार एमबीची फाइल एक मिनिटभर आधी उतरते, एवढाच.

वेगाचा आकडा पाहताना मात्र एक सापळा आहे. जोडणी झाल्यावर खालच्या कोपऱ्यात १,१५,२०० असं दिसलं तर हुरळून जाऊ नका. तो संगणक आणि मॉडेम यांच्यातला वेग आहे, फोनच्या तारेवरचा नव्हे. सहसा मॉडेमची योग्य आयएनएफ फाइल (विंडोजला मॉडेमची ओळख करून देणारी) न बसल्यामुळे असं दिसतं. मॉडेम मानत असेल तर डायल करण्याआधी त्याला दिल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या आज्ञेत ‘डब्ल्यू २’ जोडली की खरा आकडा येतो.

त्या खऱ्या आकड्यातून बरंच कळतं. व्ही.३४, म्हणजे ३३.६ के चं आधीचं मानक, त्याचे वेग २४०० च्या पाढ्यात असतात: २६४००, २८८००, ३१२००, ३३६००. व्ही.९० चे वेग १३३३ च्या पायऱ्यांनी चढतात: २८०००, २९३३३, ३०६६७, ३२०००, ३३३३३ असे. म्हणजे ३१२०० दिसलं तर मॉडेमने ५६ के चा नाद सोडलाय, आणि ३०६६७ दिसलं तर तो अजून त्याच पद्धतीत आहे, पण लाइन खराब आहे. पहिल्या बाबतीत वाटेत जास्तीचं डिजिटल रूपांतर कुठे होतंय का ते पाहायचं. ऑफिसचा छोटा अंतर्गत एक्स्चेंज हा नेहमीचा संशयित. दुसऱ्या बाबतीत घरातल्या तारा तपासायच्या. आकडा एकदा असा वाचता आला की निम्मी धावपळ वाचते, मॉडेम कुठलाही असो.

कार्डात नेमकं काय नसतं

मॉडेमची कामं ढोबळपणे तीन. फोनच्या तारेशी विद्युत जोडणी सांभाळणं, सिग्नलची आकडेमोड करणं, आणि या सगळ्याला आज्ञा देणं, चुका सुधारणं, माहिती दाबून लहान करणं. बाहेरच्या सीरियल मॉडेममध्ये तिन्ही कामं डब्यातच होतात. सॉफ्टमॉडेममध्ये पहिलंच काम कार्डावर होतं, उरलेली संगणकाचा प्रोसेसर करतो. मधलीही एक जात आहे. तिच्यात आकडेमोड कार्डावर आणि आज्ञा देणं संगणकावर. कोनेक्सेंटच्या चिपांमध्ये एचसीएफ ही मधली जात आणि एचएसएफ ही पूर्ण सॉफ्ट.

याचा सरळ अर्थ असा की कार्डाच्या बाबतीत ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) हाच मॉडेम. ड्रायव्हर हरवला की हातात उरतो एक रिले (फोन उचलणारा स्विच) आणि फोनची खोबण. विंडोज पुन्हा टाकलं, सीडी सापडत नाही, ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला मॉडेम हवा. या चक्रात मी दोनदा अडकलोय. दोन्ही वेळा दुसऱ्याच्या संगणकावरून फ्लॉपीत भरून आणावा लागला, आणि एकदा तर फाइल दोन फ्लॉप्यांत तोडून.

तुम्हीही याच शोधात असाल तर खोक्यावरचं नाव पाहू नका, कार्डावरची सर्वांत मोठी चिप पाहा. एकाच नावाच्या खोक्यात आज ही चिप आणि पुढच्या खेपेला दुसरीच, असं सर्रास चालायचं. चिपवर ल्युसेंट किंवा एजीर, कोनेक्सेंट, पीसीटेल, मोटोरोला असं काहीतरी सापडेल. त्या नावाने शोधलेला ड्रायव्हर बहुधा चालतो. चिपवर चिकटपट्टी असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधला किंवा रजिस्ट्रीतला पीसीआयचा उत्पादक-क्रमांक कामी येतो.

लिनक्सवर ल्युसेंटसाठी आणि स्मार्टलिंकसाठी ड्रायव्हर होते, पण कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ठरावीक आवृत्त्यांपुरते. कर्नल बदललं की पुन्हा पहिल्यापासून. साध्या डॉसमध्ये तर अशा कार्डाचा नाद सोडलेलाच बरा. बाहेरच्या मॉडेमला हे काही लागत नाही. १९८१ मध्ये हेज कंपनीच्या स्मार्टमॉडेमबरोबर आलेल्या एटी आज्ञा त्यालाही कळतात, आणि सीरियल पोर्ट असलेल्या कुठल्याही यंत्रावरून त्या पाठवता येतात. विंडोज, लिनक्स, डॉस, काहीही असो. टर्मिनल उघडा, ‘एटी’ टाइप करा, ‘ओके’ आलं की मॉडेम जिवंत.

तरीसुद्धा, ड्रायव्हरच्या कटकटीमुळे मी कार्ड सोडलं नाही. ड्रायव्हर एकदा मिळाला की मिळाला. तो फ्लॉपीच्या दोन प्रतींत जपून ठेवला की प्रश्न मिटतो.

मग का सोडलं?

एका बटणामुळे. म्हणजे, नसलेल्या बटणामुळे.

रात्री साडेअकराच्या सुमाराची गोष्ट. साडेचार एमबीचीच फाइल उतरत होती. अशा फाइलला पंधरा-सतरा मिनिटं धरायची. पट्टी पाऊण भरली आणि थांबली. पाठोपाठ लाइन तुटल्याची खिडकी आली. ठीक आहे, असं होतं. पुन्हा डायल केलं तर ६३० क्रमांकाची चूक. विंडोज ९८ मध्ये या चुकीसोबत जो मजकूर येतो त्याचा आशय असा: मॉडेमकडून संगणकाला उत्तर मिळत नाही, तो नीट जोडलेला आहे का पाहा, आणि गरज वाटल्यास मॉडेम बंद करून पुन्हा चालू करा.

बंद करून पुन्हा चालू करा. चार स्क्रूंनी बंद केलेल्या पेटीत, दोन कार्डांच्या मध्ये बसलेला माझा मॉडेम. त्याला बटण कुठलं?

मग रीस्टार्ट. पण ड्रायव्हर अडकला असल्यामुळे विंडोज धड बंदही होईना. ‘विंडोज बंद होत आहे’ ही पाटी झळकली आणि तशीच राहिली. तेवढ्यात आईने दुसऱ्या खोलीतला फोन उचलला.

“अरे, यात नुसतं सूं सूं येतंय. झालं नाही का तुझं?”

“झालं. पण सोडत नाहीये तो.”

“कोण?”

कार्डाने लाइन धरून ठेवली होती. पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं तेव्हा यंत्र बंद झालं. परत लावलं तर निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क आला, आपण मागच्या वेळी नीट बंद केलं नाही म्हणून बजावत. तो एकदाचा संपला. डायल केलं. पुन्हा ६३०. शेवटी विजेचा प्लगच भिंतीतून उपसला, मनात वीसपर्यंत मोजलं, पुन्हा लावला, पुन्हा सगळं. मग कुठे डायल टोन आला. फाइल पहिल्यापासून.

हे रोज व्हायचं असं म्हणणार नाही. आठवड्यातून एक-दोनदा व्हायचं. कार्डच सदोष असेल, ड्रायव्हरच गचाळ असेल, माझ्या मदरबोर्डशी त्याचं जमत नसेल. दुसऱ्या कुणाचं तेच कार्ड वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललं असेल, ते मी नाकारत नाही. माझ्या ध्यानात एक गोष्ट मात्र तेव्हा पक्की बसली. लाइनवर चालणाऱ्या यंत्राला अधूनमधून झटका द्यावाच लागतो, आणि तो देण्यासाठी अख्खा संगणक बंद करावा लागत असेल तर ती मांडणीच चुकीची.

बाहेरचा मॉडेम अडकत नाही का? अडकतो की. माझा अजूनही अडकतो. मागचं बटण बंद, मनात तीन अंक, बटण चालू. दिवे एकदा लखलखतात आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात पुन्हा डायल. ब्राउझरच्या खिडक्या उघड्याच, अर्धवट उतरलेली फाइल डाउनलोड मॅनेजरमध्ये जिथल्या तिथे. संगणकाला पत्ताही लागत नाही.

दिवे

बटणाच्या खालोखाल दिव्यांचा नंबर. कार्डाचा बिघाड शोधताना डोळ्यांना काहीच काम नसतं. पडद्यावरच्या चुकीच्या क्रमांकावर विश्वास ठेवायचा आणि लॉग फाइल वाचायची. बाहेरच्या डब्यावर सात-आठ दिवे असतात. त्यातले चार ओळखीचे झाले की काम भागतं: टीआर म्हणजे संगणक तयार आहे, ओएच म्हणजे मॉडेमने फोन उचललाय, सीडी म्हणजे पलीकडच्याशी सूर जुळलाय, आरडी म्हणजे तिकडून माहिती येतेय.

डायल केलं आणि ओएच लागलाच नाही, तर दोष संगणक आणि मॉडेम यांच्यामध्ये. केबल पाहा, पोर्ट पाहा, टीआर पेटलाय का पाहा. ओएच लागला पण स्पीकरमधून डायल टोनच ऐकू येत नाही आणि पडद्यावर ६८० आला, तर भिंतीपासून मॉडेमपर्यंतची तार पाहा. मॉडेमच्या मागे सारख्या दिसणाऱ्या दोन खोबणी असतात, एक लाइनची आणि एक फोनची. त्यांची अदलाबदल हे सर्वांत सामान्य कारण, आणि ते मान्य करायला माणसं सर्वांत जास्त वेळ लावतात. टोन ऐकू येतो पण मॉडेमला ओळखता येत नाही, असंही होतं. काही एक्स्चेंजचा टोन जरा वेगळा असतो, आणि व्हॉइसमेलची सूचना म्हणून टोन अडखळत येत असला तरी मॉडेम गोंधळतो. सुरुवातीच्या आज्ञेत ‘एक्स ३’ टाकली की तो टोनची वाट न पाहता डायल करतो.

ओएच लागला, डायल झालं, पलीकडून २१०० हर्ट्झची उत्तराची शिट्टी आली, मग खरखराट, पण सीडी काही लागत नाही. अशा वेळी दोन्ही मॉडेमांचं बोलणं जुळत नाहीये. खराब लाइनवर व्ही.९० चा आग्रह सोडून व्ही.३४ वर थांबवलं की बहुधा जुळतं. त्याची आज्ञा चिपप्रमाणे बदलते. कोनेक्सेंटच्या घराण्यात ती ‘प्लस एमएस’ने सुरू होते. यूएस रोबोटिक्सच्या मॉडेमांत एस-रजिस्टरांतून (मॉडेममध्ये सेटिंगचे आकडे साठवायच्या जागांतून) जावं लागतं.

सीडी लागला, थोडा वेळ टिकला आणि ६९१ आला, तर मॉडेमला हात लावू नका. प्रश्न नाव किंवा पासवर्डाचा आहे, बहुतेकदा कॅप्स लॉकचा. ६७८ म्हणजे पलीकडून कुणी उचललं नाही, ६७६ म्हणजे नंबर व्यस्त. हे क्रमांक कार्डावरही तेच येतात. फरक इतकाच, की दिवे असले तर क्रमांक खोटं बोलतोय का तेही कळतं. ६७८ आला आणि ओएच पेटलाच नव्हता, असं मी पाहिलंय. नुसत्या कार्डावर असतो तर सर्व्हर बंद आहे समजून झोपलो असतो.

हीच गोष्ट आवाजाची. मॉडेम गप्प करणारी ‘एम शून्य’ ही आज्ञा शोध चालू असताना काढून टाका. कान सरावले की कुठे अडतंय ते ऐकूनच समजतं.

दोघांनाही सारखेच त्रास

या बाबतीत कुठलाही मॉडेम घ्या, सुटका नाही. त्याच लाइनवर समांतर लावलेला दुसरा फोन, जुनाट स्प्लिटर, दहा मीटरची गुंडाळलेली तार, डीएसएलचा (त्याच तारेवरच्या ब्रॉडबँडचा) फिल्टर न लावणं, किंवा फिल्टरवर फिल्टर लावणं. तपासायची पद्धत एकच: बाकी सगळं काढा, मॉडेम थेट भिंतीच्या पहिल्या खोबणीत लावा आणि आकडा पाहा. सुधारला तर एकेक वस्तू परत जोडत जा.

जोडणी मधेच, ठरावीक आवाजानंतर तुटत असेल तर कॉल वेटिंगचा बीप कारण असू शकतो. ती सोय बंद करा. नाही करता आली तर एस-१० हे रजिस्टर वाढवा. पलीकडचा सूर किती दशांश सेकंद हरवला तर फोन ठेवायचा, हे ते ठरवतं. मूळ किंमत बऱ्याच मॉडेमांत १४, म्हणजे १.४ सेकंद. मी ५० ठेवतो.

हल्ली एक नवा त्रास: फोनची लाइनच मुळात इंटरनेटवरून येते. अशा लाइनवर जी.७११ कोडेक (आवाज फारसा न दाबता पाठवणारी पद्धत) हवा, प्रतिध्वनी दाबणारी सोय बंद हवी आणि जिटर बफर (मागेपुढे येणारे माहितीचे तुकडे सावरणारी राखीव जागा) स्थिर हवा. तरीही व्ही.३४ च्या पलीकडे फारशी आशा धरू नये. माझ्या अनुभवात २६४०० वर बांधून ठेवलेली जोडणी तासन्‌तास टिकते. ३३६०० वर सोडलेली दर काही मिनिटांनी धापा टाकते.

बाहेरच्या डब्याची दुखणी

आता न्यायाने दुसरी बाजू. बाहेरचा मॉडेम काही साधुसंत नाही, आणि त्याची दुखणी कार्डाला माहीतही नसतात.

पहिलं दुखणं केबलचं. मॉडेमकडे सहसा २५ पिनांचं तोंड असतं आणि संगणकाकडे ९ पिनांचं. त्यासाठी सरळ, पूर्ण जोडलेली मॉडेम केबल लागते. दोन संगणक जोडायची नल-मॉडेम केबल तशीच दिसते पण आतून उलटी असते. माउससोबत मिळायचे ते ९ ते २५ चे अडॅप्टरही फसवतात. त्यातल्या काहींमध्ये सगळ्या पिना जोडलेल्याच नसतात. आरटीएस आणि सीटीएस या, ‘थांब’ आणि ‘पाठव’ सांगणाऱ्या, दोन तारा नसल्या तर गंमत होते: जोडणी होते, पान उघडतं, आणि मोठी फाइल घेतली की चुकांचा पाऊस. मी यात पूर्ण एक रविवार घालवलाय. लाइन खराब समजून भिंतीतली तार बदलली आणि दोष हातभर केबलचा निघाला.

दुसरं यूएआरटी, म्हणजे सीरियल पोर्ट सांभाळणाऱ्या चिपचं. संगणक खरोखर जुना, ४८६ च्या काळातला असेल तर सीरियल पोर्टमागे १६४५० ही चिप असू शकते. तिच्यात एकच बाइट मावतो. १,१५,२०० वेगाला साधारण दर ८७ मायक्रोसेकंदाला नवा बाइट येतो, आणि तेवढ्यात प्रोसेसरने आधीचा उचलला नाही तर तो गेला. १६५५०ए मध्ये १६ बाइटांची रांग असते, म्हणून ती आली की हे संपतं. जुनीच चिप असेल तर पोर्टचा वेग १९,२०० किंवा ३८,४०० वर आणा. कार्डावर हा प्रश्न येतच नाही, हा मुद्दा त्याच्या बाजूचा.

तिसरं आयआरक्यूचं, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधायच्या ओळीचं. कॉम-१ आणि कॉम-३ (ही सीरियल पोर्टांची नावं) दोघंही ४ नंबरची आयआरक्यू वापरतात, कॉम-२ आणि कॉम-४ दोघंही ३ नंबरची. माउस कॉम-१ वर आणि मॉडेम कॉम-३ वर असेल, तर माउस हलवला की जोडणी तुटते, किंवा डायल केलं की माउस गोठतो. हे पाहून पहिल्यांदा वाटतं की संगणकाला बाधा झालीय. मॉडेम कॉम-२ वर हलवा, बाधा उतरते. बाहेरच्या मॉडेमसाठी हे पोर्टातून केबल काढून शेजारच्या पोर्टात घालण्याएवढं सोपं.

आणि शेवटचं, सीरियल पोर्टच नसला तर. यूएसबी ते सीरियल कन्व्हर्टर चालतो, पण स्वस्तातल्या बऱ्याच कन्व्हर्टरांत नकली चिप असते आणि नव्या विंडोजचा ड्रायव्हर ती ओळखून काम नाकारतो. थेट यूएसबीचे मॉडेम मिळतात, मात्र त्यातलेही बरेच आतून सॉफ्टमॉडेमच असतात. नुसतं बाहेर आहे म्हणून तो ‘बाहेरचा’ होत नाही. लिनक्सवर ‘टीटीवाय-एसीएम’ नावाने दिसला तर तो बहुधा खरा.

कार्डच ठेवावं अशा वेळा

लॅपटॉप असेल तर प्रश्नच मिटला, आत जे आहे ते चालवा. आत नसेल तर पीसीएमसीआयए कार्ड (लॅपटॉपच्या कडेच्या खाचेत बसणारं) घ्या, पण ज्याला वेगळी शेपटी जोडावी लागते ते टाळा. ती शेपटी हरवते किंवा तुटते, आणि तिच्याशिवाय कार्ड निरुपयोगी.

आयसाचं जंपर असलेलं पूर्ण कार्ड हाती लागलं असेल तर तेही ठेवा. त्याच्यावर सगळा मॉडेम असतो, यूएआरटीही त्याचीच, डॉसमध्येही चालतं. बटण आणि दिवे नाहीत एवढंच. मी तेवढ्यासाठीही बाहेरचा घेईन, पण तो माझा हट्ट समजा.

तुमचा सॉफ्टमॉडेम जर आज नीट चालत असेल, ड्रायव्हर जपून ठेवलेला असेल आणि प्रोसेसर पेंटियम-टू किंवा वरचा असेल, तर काढू नका. फक्त हार्ड डिस्कच्या गुणधर्मांत डीएमएची (प्रोसेसरला न गुंतवता डिस्कची माहिती हलवायच्या सोयीची) खूण केलेली आहे का ते पाहा. ती नसताना डिस्क चालू झाली की प्रोसेसर अडकून पडतो आणि बिचाऱ्या मॉडेमला वेळ मिळत नाही. मोठी झिप फाइल उघडताना माझी जोडणी तुटायची, ते ही खूण केल्यावर पुष्कळ कमी झालं.

विजेचंही पाहा. पावसाळी कडकडाटात फोनच्या तारेवरून झटका आला तर बाहेरचा मॉडेम बहुधा एकटा मरतो. माझा एक असाच गेला, संगणक वाचला. कार्ड त्याच वेळी आत असतं तर मदरबोर्डचं काय झालं असतं, ते पाहायची वेळ आली नाही.

घेताना

वापरलेला बाहेरचा मॉडेम घेणार असाल तर अडॅप्टर सोबतच मागा. यातल्या बऱ्याच मॉडेमांचे अडॅप्टर एसी आत घेऊन एसीच बाहेर देतात. तोंड बसतंय म्हणून दुसरा कुठला डीसी अडॅप्टर लावला तर दिवे लागत नाहीत, आणि माणूस चांगला मॉडेम मेला म्हणून टाकून देतो. डब्याच्या पाठीवर व्होल्टच्या पुढे काय लिहिलंय ते वाचा.

मग वीज द्या आणि केबल लावा. हायपरटर्मिनल (जुन्या विंडोजमधलं टर्मिनल) उघडून योग्य कॉम निवडलात की टीआर पेटला पाहिजे. ‘एटी अँड एफ’ (AT&F) टाइप करून मूळ सेटिंगवर आणा, ‘ओके’ येऊ द्या. पुढे ‘एटीआय ३’, ‘एटीआय ४’ असं एकेक टाइप करून तो स्वतःबद्दल काय सांगतो ते वाचा. शेवटी फोनची तार लावून ‘एटी एच १’ द्या. ओएच पेटेल आणि स्पीकर चालू असेल तर डायल टोन ऐकू येईल. ‘एटी एच’ दिलं की तो फोन ठेवतो. आणि मागचं बटण बंद-चालू करून पाहायला विसरू नका. जुन्या डब्यांत सर्वांत आधी ढिलं होतं ते हेच.